आठम-चौदसचं वेड

नंदुरबारच्या उमेदमल शेठजींच्या थोरल्या नातीचं लग्न झालं ते साल १९३४. महिना माघाचा. वऱ्हाड निघून गेलं होतं, मांडवाचे बांबू अजून काढायचे होते, आणि त्याच मांडवात शेठजी उभ्या उभ्या कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. ज्यांची हाक ऐकून जिनात, सरकी काढायच्या त्यांच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या जागच्या जागी थांबायच्या, त्यांच्या तोंडून आता नुसती घरघर निघायची.

चैत्रात एका सकाळी त्यांचा धाकटा मुलगा छगनलाल दिलवरसिंगाच्या ओट्यावर येऊन बसला.

दिलवरसिंग फौजदारकीतून निवृत्त झालेला. वकीलमंडळी त्याला खाजगी तपासाची कामं द्यायची. त्याच्यासोबत जामसिंग. तो नोकरीत साहेबांचा शिपाई होता आणि पेन्शनीतही शिपाईच राहिला. माणूस इमानी, अंगानं दांडगा, डोक्यानं जरा सावकाश. त्याला एकच गोष्ट सलायची. त्याच्या आधी साहेबांजवळ दलसिंग नावाचा शिपाई होता. तो मरून गेला, पण साहेबांच्या तोंडातून त्याचं नाव काही जाईना. "दलसिंग असता तर त्यानं हे हेरलं असतं." जिवंत माणसाशी भांडता येतं. मेलेल्याचं काय करावं, हे जामसिंगला कळायचं नाही.

"दादाभाई, माझे थोरले भाऊ, बापूजींना वेडं ठरवायला निघालेत," छगनलाल म्हणाला. "आधी त्यांना मुखत्यारपत्र पाहिजे होतं. फागणाच्या सुरुवातीला वकील घरी आले. म्हणाले, मुखत्यारपत्र देणाऱ्याला आपण काय देतोय ते कळलं पाहिजे. कळत नसेल तर अंगठा उठवून उपयोग नाही. मग धुळ्याच्या जिल्हा कोर्टात अर्ज करा, बुद्धी गेली असं शाबीत करा, म्हणजे कोर्ट मिळकतीवर व्यवस्थापक नेमेल."

"पक्षाघात झाला म्हणजे बुद्धी गेली असं होत नाही."

"वकीलही तेच म्हणाले. तेव्हा बापूजी शांत होते, साहेब. पण वकील येऊन गेले आणि झटके सुरू झाले. जेवता जेवता थुंकतात, वाटी भिरकावतात, ओरडतात. दादाभाईंनी अर्ज ठोकून दिला. उद्या दुपारी कोर्टानं नेमलेले डॉक्टर तपासायला येतायत. त्यांच्यासमोर झटका आला, की बापूजी कायद्यानं वेडे. पुढे त्यांचं कोणी काही ऐकणार नाही."

"वकील बोलले तेव्हा कोण कोण होतं?"

"सगळं घर. बायका दाराआड."

"आणखी काय म्हणाले?"

छगनलालनं आठवून सांगितलं. "म्हणाले, मिळकत एकाकडे देतात आणि माणूस सांभाळायला दुसऱ्याकडे. जो वारस आहे त्याच्या ताब्यात सहसा माणूस देत नाहीत. ज्याला मेल्यावर मिळायचंय, तो जगवेल कशाला? सगळे हसले."

"आणि तुझं यात काय?"

छगनलाल लाजला. "लग्नाच्या धावपळीत बापूजींनी कमरेच्या किल्ल्या सोडून माझ्या हातात दिल्या. परत घ्यायच्या आधीच कोसळले. तेव्हापासून दादाभाई माझ्या कमरेकडे बघूनच बोलतात."

"झटका कधी येतो?"

"अवस-पुनवेच्या जरा आधी. आणि मध्येही एकदा येतो."

"चंद्रानं वेड शे साहेब," जामसिंग ठासून म्हणाला. "आमनाकडे एक जण असाच व्हता."

"मध्येही येतो म्हणतोय तो. मध्ये कुठला चंद्र?" दिलवरसिंग टोपी घालत म्हणाला. "दलसिंगनं हे विचारलं असतं."

जामसिंगनं दात आवळले आणि काठी उचलली.

दुपार टळल्यावर दोघं शेठजींच्या घरी पोचले. मागच्या दारानं शिरले, कारण दिलवरसिंगाची तशी रीतच होती. मागच्या अंगणात भांडी घासणारी भुरीबाई बसली होती. काठी गावाकडची, डोंगरातली बाई. शेजारी तिची बकरी बांधलेली. जामसिंग जवळून जातो न जातो तोच बकरीनं पुढ्यातली हिरवी सालटं सोडून त्याच्या धोतराचा सोगा तोंडात धरला.

"ओ बाई, धर तुन्ही बकरीले! मन्हं धोतर खाई ऱ्हायनी!"

"खाऊ द्या दादा," भुरीबाई हसली. "उद्या तिले उपास शे."

"बकरीले उपास?"

"मंग? हाई वाणीसनं घर शे. काही काही दिन भाजी चिरतस नही. त्या दिन मन्ही बकरी बी उपाशी ऱ्हास. पण आदला दिन मातर दुधीन्या सालटा भेटतस. देव शे तिना."

जामसिंग फाटलेला सोगा खोचत पुटपुटत राहिला. दिलवरसिंग मात्र वाकून सालटं बघत होता.

"शेठजींना झटका येतो तेव्हा तू असतेस का गं?"

भुरीबाईचं हसणं मावळलं. "मोठा शेठ मन्हावर आळ घेस. म्हणे भुरीनं काही करं. होळीना आदला दिन मोठा झटका उना. मी तं तवय काठीले व्हती, होळीले. सारा गाव साक्ष देई."

थोरला झुंबरलाल बैठकीत भेटला. मोठा गंभीर माणूस, बोलताना नजर भावाच्या कमरेवर.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ सांगा," तो म्हणाला. "मी अर्ज केला, कारण जिनाचा कारभार अडलाय. सही कोणाची? छगनची? किल्ल्या असल्यानं कोणी मालक होत नाही. आणि बापूजींचं वेड मी डोळ्यांनी बघितलंय. जन्मात ज्यांनी अन्नाचा दाणा टाकला नाही, ते वाटी भिंतीवर फेकतात. मुलाला हे बघणं सोपं वाटतं का?"

शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज चिरकला. जामसिंगला वाटलं, हा नाटक करत असेल तर फार चांगलं करतोय.

त्याची बायको हीराबाई चुलीपाशी गट्ट्यांसाठी बेसन मळत होती. पदर ओढून, दाराकडे पाठ करून तिनं उत्तरं दिली.

"खिचडी मी शिजवते. बाईसा ती घोटून तूप घालतात. सायर भरवते. सासऱ्यांची वाटी अशी तीन हातांतून जाते. आता कोणाच्या हाताला काय लागलंय, देव जाणे."

"होळीच्या आदल्या दिवशीही खिचडी तुम्हीच केली होती?"

"तेव्हा मी तीन दिवस बाजूला बसले होते. चुलीकडे फिरकलेसुद्धा नाही. सायरनं केली. नाहीतर हेही माझ्याच माथ्यावर आलं असतं."

"आज रात्रीला काय?"

"आज दोन्ही वेळेला गट्टे आणि मुगाची डाळ. उद्याही तेच. आणि रात्री कसली? आमच्याकडे दिवस मावळायच्या आत ताटं उचलतात."

बाईसा म्हणजे शेठजींची विधवा मुलगी गवराबाई. आणि सायर म्हणजे छगनलालची बायको. सायरबाई शेठजींच्या खोलीत त्यांना वारा घालत बसली होती. चेहरा हसरा, पण डोळ्यांखाली जागरण.

शेठजी गादीवर तक्क्याला टेकून बसलेले. दिलवरसिंगानं रामराम केला. शेठजींनी डावा हात छातीशी नेला. डोळे स्वच्छ होते, जामसिंगनं बघितलं. त्याच्या गावच्या वेड्याचे डोळे असे नव्हते.

"झटका कसा येतो बाई?"

"पहिला घास जिभेवर गेला की थुंकतात. मग डावा हात तोंडावर घट्ट दाबून धरतात. मी पुन्हा वाटी पुढे केली की भिरकावतात. मग वर बोट करतात, बोटं उघडतात, मिटतात. इथल्या वैद्यांना वाटलं दाढ दुखते. दाढ तर नाहीच तिकडे!" ती शेठजींकडे बघून हसली, आणि शेठजीही अर्ध्या तोंडानं हसले.

"ते तुमच्याच हातून खातात म्हणे."

"सुरुवातीला बाईसा भरवायच्या. पण रडत रडत. घास पुढे करायच्या आणि डोळ्यांतून धार. बापूजी तोंड फिरवायचे. मी आपली काहीबाही बडबडते. मांजर कुठून पडलं, शेजारणीनं काय जाळलं. बडबडीत चार घास जातात."

"उद्या कोणती तिथी?"

"मला विचारू नका," सायरबाईनं जीभ चावली. "माझं माहेर वैष्णव. मला एकादशी तेवढी कळते. इथल्या आठम-चौदस बाईसा सकाळी सांगतात तेव्हा कळतात. भाभीसा, माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणतात, ही अजून पाहुणीच."

गवराबाई आपल्या खोलीत आसनावर बसली होती. पांढरं लुगडं, हातात माळ. कोपऱ्यात छोटी शेगडी, तिच्यावर बापूजींचा काढा उकळत होता. शेजारी एक झाकलेलं पातेलं.

"आई गेल्यापासून बापूजींचं ताट मी वाढलं," ती म्हणाली. "त्यांना मीठ किती, तूप किती, मला ठाऊक. आता कालची आलेली पोर त्यांना हसवते आणि मी दाराबाहेर उभी राहून तूप घालते. हसतात काय! मी असताना कधी असे हसले नव्हते."

"त्यांचे नेमधर्म कोण बघतं?"

"मीच. रोज सकाळी तिथी सांगते आणि पचखाण देते."

"पचखाण म्हणजे काय व्हय?" जामसिंगनं विचारलं.

"त्या दिवसाचा नेम. आज हे खाणार नाही, असं मनाशी धरायचं. मी म्हणते, बापूजी डाव्या हातानं नमस्कार करतात."

"म्हणजे त्यांना कळतं," दिलवरसिंग म्हणाला.

माळ थांबली. "हाताला सवय आहे. कळत काही नाही," गवराबाई तुटकपणे म्हणाली.

घरी परतताना जामसिंगनं आपला निकाल दिला. "साहेब, मन्ह्या मते सायरबाई. वाटी तिन्हा हातमा. ती हसस बी भलती."

"तिच्या नवऱ्यानंच आपल्याला बोलावलं. सासरा वेडा ठरला तर किल्ल्या कोणाच्या जातील?"

"मंग हीराबाई. तिन्हा धनी व्यवस्थापक हुई."

"ती होळीला चुलीपासून लांब होती. झटका तरी आला."

"मंग राहिनं कोण?"

"तुझं धोतर कोणी खाल्लं?"

"बकरीनं!"

"काय सोडून खाल्लं, ते बघितलंस?"

जामसिंगनं बघितलं नव्हतं. साहेब आता दलसिंगचं नाव घेणार म्हणून त्यानं कान झाकायची तयारी केली. पण साहेबांनी ते घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिलवरसिंगानं सगळ्यांना शेठजींच्या खोलीत जमवलं. डॉक्टर यायला अवकाश होता. झुंबरलाल आणि छगनलाल दोन भिंतींना टेकून उभे राहिले. हीराबाई आणि सायरबाई दाराशी, गवराबाई उंबऱ्यावर. रोजच्यासारखी खिचडी शिजली, गवराबाईनं घोटून तूप घातलं, वाटी सायरबाईच्या हातात आली.

"थांबा," दिलवरसिंग म्हणाला. "आज पहिला घास शेठजींचा नाही. हीराबाई, तुम्ही घ्या."

"मी? कशाला?"

"विष असंल तं?" जामसिंग घाबरून म्हणाला.

"विष नाही. माझा शब्द. घ्या बाई."

हीराबाईनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली. तिनं चमचाभर खिचडी तोंडात घातली, आणि दुसऱ्याच क्षणी खिडकीकडे धावून बाहेर थुंकली. डावा हात तोंडावर घट्ट दाबला.

"यात दुधी आहे!" ती ओरडली. "आज चौदस! कोणी घातला? अरे देवा, माझा नेम!" आणि तिनं चमचा भिंतीवर फेकला.

गादीवरून एक घोगरा आवाज आला. शेठजी डावा हात मांडीवर आपटत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हीराबाई, मला माफ करा," दिलवरसिंग म्हणाला. "तुमचा नेम माझ्यामुळे मोडला. पण झुंबरलाल शेठ, आता सांगा. तुमची बायको थुंकली, तोंड दाबून ओरडली, चमचा भिरकावला. हिलाही कोर्टात वेडी ठरवता का?"

झुंबरलालनं बायकोकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"आठम आणि चौदस, म्हणजे अष्टमी आणि चतुर्दशी. या दिवशी तुमच्या जैन घरात हिरवी भाजी, फळ, काही खात नाहीत. ती चिरतसुद्धा नाहीत. झटका अवस-पुनवेच्या जरा आधी यायचा, म्हणजे चौदसला. मध्ये यायचा, म्हणजे आठमला. जामसिंगला त्यात चंद्र दिसला, वैद्याला दाढ दिसली. शेठजी बिचारे वर बोट करून, बोटं मोजून तिथी सांगत होते. ज्याची बुद्धी गेली, तो तिथी सांभाळतो का? आणि नेम मोडू नये म्हणून उपाशी राहतो का?"

"पण या घरात चौदसला दुधी?" छगनलाल म्हणाला. "कोणी स्वप्नातही आणलं नसतं."

"म्हणूनच कोणी वाटीत बघितलं नाही. आता ही वाटी तीन हातांतून जाते. हीराबाई होळीच्या वेळी चुलीकडे नव्हत्या, तरी झटका आला. त्या सुटल्या. भुरीबाई काठीला होती, तीही सुटली. राहिल्या सायरबाई आणि गवराबाई."

सायरबाईनं हातातली वाटी खाली ठेवली.

"सायरबाईंना तिथी पाठ नाही. त्यांना हे करायचंच असतं, तर आज सकाळी दुधी घेतला असता, चिरला असता आणि शिजवला असता. त्यात त्यांना पाप दिसलं नसतं. मग सालटं आज पडली असती. पण भुरीबाईची बकरी आज उपाशी आहे. तिला सालटं मिळाली काल. काल घरात स्वयंपाक कसला होता? गट्टे आणि मूग. मग दुधी चिरला कोणासाठी? जो आदल्या दिवशी चिरून ठेवतो, त्याला चौदसला सुरी लावायची भीती वाटते. वडिलांचा नेम मोडायला त्याचा हात धजला, पण चौदसला भाजी चिरायला धजला नाही. असं नेमधर्म पाळणारं माणूसच करील. आणि दुधी उकडायला वेगळी शेगडी पाहिजे."

सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडे वळल्या.

"गवराबाई, या वाटीतला एक घास तुम्ही घ्या," दिलवरसिंग हळूच म्हणाला. "यात काही नसेल तर घ्यायला काय हरकत?"

गवराबाईनं हात उचलला नाही. माळ तिच्या बोटांतून घसरून खाली पडली.

"बाईसा, तुम्ही?" सायरबाई म्हणाली. "का?"

"तू विचारतेस?" गवराबाई एकदम फुटली. "तुझ्यासाठी तोंड उघडतात, माझ्यासाठी मिटतात! जन्म काढला मी त्यांच्या ताटापाशी. वकील म्हणाले, जो वारस नाही त्याला कोर्ट माणूस देतं. मुलगे वारस, सुना त्यांच्या बायका, आणि मुलगे असताना लेकीला वारसा नाही. या घरात वारस नाही असं माझ्याशिवाय कोण आहे? मिळकत भाऊ घेऊ देत, भांडू देत. कोर्टाचा कागद असता, तर बापूजी माझे झाले असते. दुसऱ्या कोणाचा हात त्यांच्या तोंडाशी गेला नसता."

"आणि सकाळी तिथी सांगून नेम तुम्हीच दिलात," दिलवरसिंग म्हणाला. "तिथी माहीत नसती तर ते मुकाट्यानं खाऊन मोकळे झाले असते. झटका आलाच नसता. त्यांना कळतं, हे या घरात फक्त तुम्हाला ठाऊक होतं."

गवराबाई उंबऱ्यावरच खाली बसली. सायरबाई तिच्याजवळ जाऊन बसली.

"बाईसा, ते तुमच्यावर रागावून तोंड मिटत नव्हते. तुमचं रडणं त्यांना बघवत नव्हतं. तुम्ही बाहेर गेलात की दाराकडेच बघत बसायचे. मांजराच्या गोष्टी मी त्यांची नजर दाराकडून वळवायला सांगायचे."

गवराबाईनं तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की जामसिंगला आपल्या पायांकडे बघावं लागलं. ती नजर त्याच्या ओळखीची होती. दलसिंगचं नाव निघालं की त्याची स्वतःची नजर तशीच होत असणार.

डॉक्टर आले तेव्हा शेठजी मुगाची खिचडी खात होते. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले, मग विचारलं, "शेठजी, आज कोणती तिथी?"

शेठजींनी डाव्या हाताची पाच बोटं उघडली. मिटली. पुन्हा पाच उघडली. मग अंगठा दुमडून चार दाखवली आणि डॉक्टरांकडे रोखून बघितलं, जणू शाळा मास्तरची परीक्षा घेतेय.

"मलाच ठाऊक नव्हतं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी अहवालात लिहिलं की देह अधू आहे, बुद्धी शाबूत आहे.

झुंबरलालनं धुळ्याला जाऊन अर्ज मागे घेतला. महिन्याभरात रजिस्ट्रार घरी आला आणि शेठजींनी डाव्या अंगठ्यानं मुखत्यारपत्र दिलं. कोणाला, असं विचारलं तेव्हा त्यांनी दोन बोटं दाखवली. दोघांनी मिळून सही करायची. त्या दिवसापासून झुंबरलाल छगनलालच्या सहीकडे आणि छगनलाल झुंबरलालच्या सहीकडे बघत राहिला, कोणाची मोठी पडते ते. किल्ल्या मात्र छगनलालच्याच कमरेला राहिल्या, आणि झुंबरलालची नजरही तिथेच राहिली.

चौदसच्या त्या दुपारी निघताना जामसिंग खोलीच्या दाराशी घुटमळला होता. शेठजींनी डाव्या हातानं गवराबाईला बोलावलं. ती येईना. त्यांनी पुन्हा बोलावलं. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी हात छातीशी नेला, रोज सकाळी नेम घेताना न्यायचे तसा, आणि थांबले. सकाळी दिलेला नेम मोडायला तीच निघाली होती. तो तिनंच पुन्हा द्यावा म्हणून ते थांबले होते. गवराबाईचे ओठ बराच वेळ नुसते हलले. मग तिनं शब्द म्हटले. रडली नाही.

रस्त्यात जामसिंग म्हणाला, "साहेब, दलसिंग असता तं त्याले हाई समजतं का?"

"दलसिंग?" दिलवरसिंग हसला. "त्याचं धोतर बकरीनं कधी खाल्लं नाही. नाहीतर मी ती सालटं बघितलीच नसती. चल, तुला नवं धोतर घेऊ."

जामसिंग बाजारापर्यंत ताठ मानेनं चालला.

पुढे शेठजींना सायरबाईच भरवायची. गवराबाईच्या हातून त्यांनी शेवटपर्यंत घास घेतला नाही. पण तिथी आणि नेम मात्र रोज तिच्याच तोंडून घेतला, दुसऱ्या कोणाला सांगू दिला नाही, आणि सायरबाईला त्याचं थोडं वाईट वाटायचं.

उमेदमल शेठजी १९३६ साली, पौष महिन्यात, आठमच्या दिवशी सकाळी, नेम घेतल्यावर वारले.